बाभळीचा गाभा

सोलापुरातून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, काळ्या रानाच्या बांधावर बाभूळ दिसणारच. पिवळ्या गोंड्यांची फुलं, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ वेगळी, ती परदेशातून आलेली. ही आपली. आणि हिला आपण सरपणात काढलंय.

हे ताजं कापलेलं खोड बघा. कडेचा फिकट भाग कच्चा, त्यालाच भुंगा लागतो. म्हणून जुने सुतार ओंडके पाण्यात बुडवून ठेवायचे. पाण्यात लाकडातला पिष्टमय अंश निघून जातो आणि किडीचं खाद्यच कमी होतं. मधला तांबूस भाग म्हणजे गाभा. खरं लाकूड हेच.

सागवान घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतं, बाभूळ आठशेच्या आसपास. ओली आहे तोवर वाकस, म्हणजे तासायचं हत्यार, चालतो. एकदा वाळली की पटाशीची धार जाते, आणि गिरमिटाने भोक पाडल्याशिवाय खिळा आत शिरत नाही. पण तिचा मोठा गुण चिवटपणा. हादरा बसला तरी ती सहजी तडकत नाही, सोसते.

बैलगाडीच्या चाकाला नेमकं हेच लागतं. मधे तुंबा, म्हणजे चाकाचा मधला जाड ठोकळा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठ्यांचा, म्हणजे वाकदार लाकडी तुकड्यांचा, गोल. त्यावर चढते धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं. ती मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद झाली की पसरते. मग चौघं सांडशीने उचलून ती चाकावर बसवतात, घण पडतात, लाकडातून धूर निघतो आणि लगेच पाणी ओततात. धाव आवळते. प्रत्येक सांधा करकरत जागेवर बसतो. एवढा दाब आणि वर दगडधोंड्यांची वाट, हे सगळं बाभूळ वर्षानुवर्षं झेलायची. उन्हाळ्यात लाकूड आकसून चाक खिळखिळं झालं, की ते पाण्यात टाकून फुगवायचे.

आता ऊस टायरच्या गाडीतून जातो. चाकं कोण करून घेणार? पण मांडीएवढा लाल गाभा असलेलं खोड भट्टीत जाताना बघवत नाही. त्यात कुळव होता, कुऱ्हाडीचे दांडे होते.

दांडा अजूनही बाभळीचाच मागतात. तासून, काचेने खरवडून झाला की त्याला जवसाचं तेल पाजायचं. तांबूस रंग गडद होत जातो, आणि हाताला तो गुळगुळीत, जड लागतो.