मीटर कुणाच्या घरात आहे?

(अंबाजोगाई इथल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मराठी मालिकेतलं शेतकऱ्याचं घर तुम्ही रोज बघता. अंगणात तुळस असते, सुना भरजरी साड्यांत असतात, एखादा बैलही दिसतो. पण पीकविमा, सोसायटीचं कर्ज, टँकर यातलं काही त्या घरात शिरत नाही. लेखकांना हे ठाऊक नसतं असं समजू नका. आपल्याकडची कितीतरी पोरं तिकडं संवाद लिहितात.

वाहिनीच्या दुकानातला खरा माल म्हणजे जाहिरातीचे दहा-दहा सेकंद. तासाला बारा मिनिटांच्या पुढं जाहिराती दाखवायच्या नाहीत असा नियम आहे, त्यामुळं माल वाढवता येत नाही. दर वाढवावा लागतो. साबण, शाम्पू, चहा विकणाऱ्या कंपन्या सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांना घरचा किराणा ठरवणारी बाई समोर बसलेली हवी. मग कथा स्वयंपाकघरातून बाहेर पडेल कशाला? १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली, हेतू कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचा, प्रायोजक नूडल्सवाले. लोक कंटाळतात असं दिसल्यावर उपदेश पातळ झाला, घरातली भांडणं वाढली. नूडल्स कुठवर पोचल्या ते सांगायला नको.

आता दर ठरतो कसा, ते बघा. बार्क नावाची संस्था काही घरांत, टीव्हीवर कुठली वाहिनी किती वेळ लागली ते टिपणारं मीटर बसवते; ज्या वाहिनीचा आकडा मोठा, तिच्या सेकंदांचा दर मोठा. २०२० च्या सुमारास अशी घरं होती साधारण ४४ हजार, आणि देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी. एक घर पावणेपाच हजार घरांच्या वतीनं बोलतं म्हणा ना. नमुना घेऊन मोजण्यात गैर काही नाही, भाताचं शीत आपणही चाचपतो. पण शीत कुठल्या पातेल्यातलं? ग्रामीण भागाचे आकडे बार्कनं द्यायला सुरुवात केली ऑक्टोबर २०१५ मध्ये. त्याआधी खेड्यातलं घर या हिशेबात जवळपास नव्हतंच. आकडे आले आणि दूरदर्शनच्या फ्री डिश या बिनभाड्याच्या सेवेच्या छत्रीवर फुकट दिसणाऱ्या हिंदी वाहिन्या भराभर वर चढल्या. जाहिरातदारांना गाव दिसलं! पुढं २०१९ मध्ये प्रत्येक वाहिनीचे वेगळे पैसे घेण्याची नवी दरपद्धत आली, ग्राहकाकडून थेट पैसे घेणं फायद्याचं वाटायला लागलं, आणि मार्चमध्ये बड्या समूहांनी आपल्या त्या फुकट वाहिन्या छत्रीवरून काढून घेतल्या. गावाला कुणी विचारलं नाही.

आपल्या मराठवाड्याचं दुखणं आणखी वेगळं आहे. रोजच्या मालिकेला रोज एक भाग लागतो. मुंबई-ठाण्यात, फार तर नाशिक, सातारा, वाई, कोल्हापूरला चित्रीकरण परवडतं. लातूर-परभणीला अख्खं युनिट आणायचं म्हणजे प्रवासातच दिवस जातात, आणि प्रत्येक दिवसाचं भाडं चालू असतं. म्हणून पडद्यावरचं गाव सातारकडचं असतं, बोलीही तिकडचीच. एका वाहिनीला मी लातूरकडची नायिका लिहून दिली होती. निरोप आला, भाषा ‘सगळ्यांना कळेल अशी’ करा. ‘काय करलालास’ हे तिच्या तोंडून काढून घरगड्याला दिलं. तिथं ते चाललं, कारण तिथं ते हसायला होतं.

सिनेमाचं थोडक्यात सांगतो. २००९ च्या निर्मात्यांच्या संपानंतर मल्टिप्लेक्स आणि हिंदी निर्माते यांच्यात तिकिटाच्या कमाईची वाटणी ठरली: निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि शेवटी ३०. म्हणजे आठवड्यागणिक कमाई पातळ होणार. त्यामुळं जीव लावायचा तो पहिल्या शुक्रवार ते रविवारवर: ओळखीचा चेहरा, गाणं, टीव्हीवरचा प्रचार. तोंडातोंडी चालणारा सिनेमा तिसऱ्या आठवड्यात रंगायला लागावा, तोवर त्याचा शो सकाळी साडेनऊला गेलेला असतो.

तरुण मंडळी म्हणतील, आता मोबाईल आहे, आमचे व्हिडिओ आम्ही काढतो. काढताय, झकास काढताय, भाषा अस्सल आपली आहे. फक्त मधे ‘आजचे प्रायोजक’ म्हणून कोण येतं, तेवढं बघत जा. गेल्या हंगामात असाच एक फर्मास व्हिडिओ पाहिला; प्रायोजक बियाण्यांचा दुकानदार होता. बियाणं उगवलं नाही म्हणून दुबार पेरणी करावी लागलेला शेतकरी त्या व्हिडिओत यायचा कुठून?