रोटाव्हॅपरची थंड बाजू

रोटाव्हॅपर म्हणजे कमी दाबाखाली द्रव उडवून त्यात विरघळलेला पदार्थ मागे ठेवणारं प्रयोगशाळेतलं यंत्र. त्याच्यापाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचं लक्ष बहुतेक वेळा फिरणाऱ्या फ्लास्कवर आणि त्याखालच्या गरम पाण्याच्या बाथवर असतं. साहजिकच आहे, हलतं तेवढंच. मी मात्र आज कंडेन्सरबद्दल, म्हणजे वाफ थंड करून तिचा पुन्हा द्रव करणाऱ्या भागाबद्दल बोलणार आहे. काम अडतं ते बहुधा तिथेच.

लायमन क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 साली अमेरिकेत या उपकरणाचं वर्णन प्रसिद्ध केलं. मिश्रणं वेगळी करण्याच्या ज्या पद्धतीसाठी क्रेग ओळखले जातात, तिच्यात हवा तो पदार्थ हाती येतो तो भरपूर सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे द्रावकात, विरघळलेला. ते सॉल्व्हंट पदार्थाला न भाजता काढायचं कसं, हा त्यांचा रोजचाच प्रश्न असणार. पुढे 1957 मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्युखी कंपनीने असं यंत्र बाजारात आणलं.

तत्त्व तुम्हाला माहीत आहे. दाब कमी केला की उत्कलनबिंदू खाली येतो. महाबळेश्वरला पाणी शंभराच्या चार-पाच अंश आधीच उकळतं. आपण पंप लावून त्याच्या कितीतरी पुढे जातो. इथेनॉल एरवी 78 अंशांना उकळतं, तेच सुमारे 175 मिलिबार दाबाला 40 अंशांवर. फ्लास्क फिरतो म्हणून काचेला आतून द्रवाचा पातळ थर सतत लागत राहतो, बाष्पीभवनाला जागा मिळते आणि बम्पिंगही, म्हणजे द्रव एकदम उसळणंही, कमी होतं. फ्लास्क निम्म्याहून जास्त भरू नका, एवढं सांगून पुढे जातो.

आता मुद्दा. बाथ जेवढी उष्णता आत घालतो, ती वाफेबरोबर वर येते आणि कंडेन्सरला ती काढून घ्यावी लागते. म्हणून जुना ठोकताळा 60, 40, 20 असा: बाथ 60 अंश, वाफ 40, थंड करणारं पाणी 20. प्रत्येक पायरीला वीस अंशांचा फरक. पदार्थ नाजूक असेल तर तिन्ही आकडे खाली आणा, पण फरक राखा.

आणि मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या कॉलेजात नळाचं पाणी 30 अंशांचं, कधी त्याहून गरम. विद्यार्थी काय करतो? सॉल्व्हंट जात नाही म्हणून बाथ वाढवतो आणि पंप पूर्ण जोराने लावतो. समजा दाब 50 मिलिबारवर आला. 30 अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब, म्हणजे त्याची वाफ जमायला लागणारा किमान दाब, सुमारे 105 मिलिबार असतो. म्हणजे त्या कंडेन्सरवर इथेनॉलचा एक थेंबही जमायचा नाही! फ्लास्क रिकामा होतो, मुलगा खूश होतो, पण जमलेलं सॉल्व्हंट गोळा करणारा रिसीव्हिंग फ्लास्क कोरडाच. सॉल्व्हंट गेलं पंपात, तिथून खोलीत. पाण्याचा ॲस्पिरेटर, म्हणजे नळाच्या झोताने हवा ओढणारा पंप, असेल तर गटारात. अशा वेळी दाब वाढवायचा असतो, हे पटायला जरा वेळ लागतो. डायक्लोरोमिथेन तर साध्या दाबालाच 40 अंशांना उकळतं. त्याला बर्फाचं पाणी फिरवा किंवा चिलर लावा. छोटा पंप बर्फाच्या बादलीत सोडून पाणी फिरवलं तरी चालतं, फार खर्च नाही.

ॲस्पिरेटरला ऋतूचाही फटका बसतो. तो पाण्याच्या स्वतःच्या बाष्पदाबाखाली जाऊ शकत नाही: 20 अंशांना 23 मिलिबार, 30 अंशांना 42. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) हे उशिरा उकळणारं सॉल्व्हंट काढायला उन्हाळ्यात त्याच्यावर विसंबू नका.

बंद करतानाचा क्रमही सांगतो, कारण तो बऱ्याचदा उलटा होतो. बाथ खाली घ्या, फिरणं थांबवा, मग व्हॉल्व्ह उघडून हवा आत सोडा, आणि पंप शेवटी. ॲस्पिरेटर आधी बंद केला तर नळाचं पाणी उलटं यंत्रात शिरतं. फ्लास्कवर चांदणीसारखा तडा दिसला तर तो व्हॅक्यूमखाली लावायचाच नाही. आणि जुनं डायएथिल ईथर पेरॉक्साइडची चाचणी केल्याशिवाय आटवू नका. ईथर उडून जातं, पेरॉक्साइड मागे दाट होत जातं आणि कोरडं झालं की त्याचा स्फोट होऊ शकतो.