स्टेंटवरचं औषध

(दृश्य: कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासण्याची आणि उघडण्याची खोली; मॉनिटर)

मनगटातून सरकवलेली तार आता हृदयाच्या धमनीत पोचली आहे. धमनीत सोडलेला रंग पडद्यावर काळा दिसतो; तो जिथे अडतोय, तिथे ब्लॉकेज आहे. तारेवरून येतोय मिटलेला फुगा, त्याच्यावर घट्ट बसवलेली जाळी. फुगा फुगला, जाळी उघडली, फुगा बाहेर आला. जाळी, म्हणजेच स्टेंट, तिथेच राहिली.

कौतुक होतं ते या जाळीचं. खरं काम पुढचा महिनाभर करणार आहे तिच्यावरचा लेप.

(दृश्य: स्टेंटचा कारखाना, सुरत)

कोबाल्ट-क्रोमियमची बारीक नळी. लेझर तिला कापत जातो आणि नळीची जाळी होते. मग पॉलिश. इथे तयार होणाऱ्या काही स्टेंटच्या काड्या अवघ्या 60 मायक्रॉन, म्हणजे 0.06 मिलिमीटर जाडीच्या आहेत. आता फवारा: पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखं द्रव्य, आणि त्यात मिसळलेलं सिरोलिमस हे औषध. फवाऱ्याआधी एकदा वजन, नंतर एकदा वजन. जो फरक येतो, तेवढाच लेप.

तो हवा कशाला? 1977 साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाची धमनी पहिल्यांदा फुग्याने उघडली. 1986 मध्ये स्टेंट आले. पण ताणलेल्या धमनीला ही इजाच वाटते. भिंतीतल्या स्नायुपेशी जखम भरायला धावतात, भराभर वाढतात आणि मोकळी केलेली वाट पुन्हा अरुंद होते. सिरोलिमस या पेशींची वाढ रोखतं. किडनी प्रत्यारोपणानंतर हेच औषध गोळीतून घ्यायचं तर रोजचे साधारण 2 मिलिग्रॅम लागतात, आणि ते सगळ्या शरीरात फिरतं. स्टेंटवर मिलिग्रॅमचा एखादा अंश पुरतो. एकदाच.

(दृश्य: पॅसिफिक महासागरातलं ईस्टर बेट, दगडी पुतळे)

या औषधाचं मूळ इथल्या मातीत आहे. 1964 साली आलेल्या कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेने मातीचे नमुने नेले. ते आयर्स्ट या औषधकंपनीच्या मॉन्ट्रियलमधल्या प्रयोगशाळेत पोचले. तिथे होते सुरेंद्रनाथ सेहगल, बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले. मातीतल्या एका जीवाणूपासून त्यांच्या गटाने हे रसायन वेगळं केलं. बुरशीवर ते चाललं, पण प्रतिकारशक्तीही दाबू लागलं. कंपनीचा उत्साह मावळला, 1980च्या दशकात मॉन्ट्रियलची प्रयोगशाळाच बंद झाली. सेहगलांनी रसायनाच्या कुप्या चक्क घरच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या! पुढे मालकी बदलली, त्यांनी नव्या साहेबांच्या मागे लागून काम पुन्हा सुरू करवलं. 1999 मध्ये किडनी प्रत्यारोपणासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत हृदयरोगतज्ज्ञ एदुआर्दो सौझा यांनी सिरोलिमसचे पहिले स्टेंट बसवले. अमेरिकेने अशा स्टेंटला मान्यता दिली एप्रिल 2003 मध्ये. सेहगल त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.

पुढे काही रुग्णांच्या स्टेंटमध्ये उशिरा गुठळ्या झाल्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जास्त काळ द्याव्या लागल्या. भारतात 2017 साली स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली.

(दृश्य: पुन्हा कॅथलॅब, दुसरा रुग्ण)

या रुग्णाच्या जुन्या स्टेंटमध्येच पुन्हा अडथळा आलाय. यावेळी जाळी नाही, औषध थेट फुग्यावर आहे. मिनिटभर तो धमनीच्या भिंतीला टेकतो आणि औषध तिथे सोडून बाहेर येतो.