अंगठा उमटण्याआधी

[दृश्य: वाळपईकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना काजूच्या बागायती. पहाट.]

निवेदन:
फेब्रुवारी सरत आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली माणसं पहाटेच काजूच्या बिया वेचायला बाहेर पडतात. बोंडू पिरगळायचं, बी वेगळी करायची, टोपली भरायची आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं. याच दिवसांत रानातला गोचीड अंगाला चिकटतो आणि कधीकधी त्याच्याबरोबर माकडताप येतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. सत्तरीतल्या पाली गावात तो २०१५ मध्ये पोचला. तेव्हापासून रानात मेलेलं माकड दिसलं तर इथे कुणी ते हलक्यात घेत नाही.

[दृश्य: आरोग्य केंद्राचा व्हरांडा. बाकावर एका बाईचे हात. मांडीवर प्लास्टिकची पिशवी.]

या काकींनी चेहरा दाखवायला नकार दिला. म्हणून तुम्हांला फक्त त्यांचे हात दिसतील.

काकींना तीन दिवस ताप आहे. निदानासाठी रक्त काढून झालं. त्या रक्तातला उरलेला भाग संशोधनासाठी साठवायचा, तर ते त्यांना वेगळं विचारावं लागतं. सुई तीच, कुपी तीच. पण उपचार कुठे संपला आणि अभ्यास कुठे सुरू झाला ती रेघ रोग्याला दिसत नाही. ती दाखवणं हे विचारणाऱ्याचं काम आहे.

समोर बसलेली आरोग्य सेविका संमतीपत्र सावकाश वाचून दाखवते. काकी ऐकतात, आणि मध्येच थांबवतात.

"उरलेलं रगत तुम्ही ठेवणार. मग बाय, ते माझं का तुमचं?"

इतका नेमका प्रश्न मी परिसंवादांतही ऐकलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ मध्ये जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत याचं उत्तर आहे. नमुना देणाऱ्याचाच राहतो, संस्था फक्त त्याची राखणदार असते. राखणदार हा शब्द सत्तरीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि नमुन्यावरची ओळख पुसली गेली नसेल, तर उद्या मन बदलल्यावर काकी म्हणू शकतात, "माझं रक्त नष्ट करा." कारणही द्यावं लागत नाही.

[दृश्य: संमतीपत्राची पानं. कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी.]

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली, आणि सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली. आरोग्य केंद्राच्या रांगेत मात्र याहून जास्त भाषा उभ्या असतात. संमतीपत्र बहुधा इंग्रजीत तयार होतं, मग त्याची भाषांतरं होतात, आणि दुसरं कुणीतरी ते उलट इंग्रजीत आणून ताडून पाहतं. या पद्धतीत चुकलेला शब्द सापडतो. न समजलेला शब्द सापडत नाही.

उदाहरण घ्या: "यादृच्छिक वाटप". शिकलेला माणूसही इथे अडखळतो. "कुणाला कोणता उपचार मिळेल ते आम्ही चिठ्ठी टाकून ठरवू," असं म्हटलं की लगेच कळतं. ऐकणारा थोडा घाबरतोही. घाबरू द्यावं, कारण आता त्याला खरं काय ते कळलंय. देवळातल्या कौलाचं उदाहरण मात्र टाळावं. कौलात देव जाणतो अशी श्रद्धा असते. इथे दोन उपचारांपैकी चांगला कोणता हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि म्हणूनच तर अभ्यास चाललेला असतो.

गोव्यात अशी चिठ्ठी मोठ्या प्रमाणावर पडलेली आहे. संगथ या संस्थेने नैराश्य आणि चिंतेच्या रोग्यांवर एक मोठा अभ्यास केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खाजगी दवाखाने त्यात होते. चिठ्ठी पडली ती दवाखान्यांवर, एकेका रोग्यावर नाही. निम्म्या ठिकाणी प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक बसले. ते डॉक्टर नव्हते. मग उरलेल्या निम्म्या ठिकाणच्या दुःखी माणसांचं काय? त्यांना तसंच सोडलं नाही. तपासणीत काय आढळलं ते तिथल्या डॉक्टरांना कळवलं गेलं, उपचार कसे करावेत याची माहितीही दिली गेली. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि सरकारी केंद्रांत समुपदेशकांचा फायदा स्पष्ट दिसला. तुलनेसाठी निवडलेला माणूसही माणूसच असतो, हे त्या आखणीतच धरलेलं होतं. मला त्या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

[दृश्य: जुनं पेन, घडी घातलेला कागद.]

माझ्या वडिलांचा अनुभव याच्या अगदी उलट. मधुमेहाच्या तपासणीला गेले असताना एका ठिकाणी त्यांच्यापुढे इंग्रजी कागद ठेवला गेला. "इथे सही करा, काका." त्यांनी केली. घरी आल्यावर मी विचारलं, कशावर केलीत? म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे बरंच असेल ना." हा विश्वास त्यांनी मोठ्या मनाने दिला होता, आणि तो कुणीतरी फुकट वापरला. इतकी वर्षं झाली, अजून मला त्याचा राग येतो.

देशात याहून कितीतरी वाईट घडलंय. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा अभ्यास झाला, तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डननी सह्या केल्या. पुढे काही मुली दगावल्या. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही. पण आईवडिलांना विचारलंच नव्हतं, हे सिद्ध झालं. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

[दृश्य: बैठकीची खोली. रिकाम्या खुर्च्या.]

२०१९ च्या नव्या औषध आणि चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार अभ्यासाला आधी मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीत किमान सात जण लागतात, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती हवी, एक स्त्री सदस्य हवी, आणि एक साधा माणूस हवा. मला या साध्या माणसाची खुर्ची सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तो शिक्षक असेल, गृहिणी असेल. "हे मला कळलं नाही," एवढंच त्याने म्हणायचं. पण पदव्यांनी भरलेल्या खोलीत ते म्हणायला धीर लागतो.

[दृश्य: प्राणिगृहाचा दरवाजा. पिंजऱ्यातला पांढरा उंदीर.]

काकींना "नको" म्हणता येतं. याला येत नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने १९६० मध्ये केला, तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. त्या जुन्या कायद्यातलं एक कलम आजही थक्क करतं: महाविद्यालयात शिकवण्यासाठी पुस्तकं, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी काम भागत असेल, तर प्राण्यावर प्रयोग टाळावा. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नये.

१९९८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्राणिगृहाची नोंदणी लागते, आणि प्रत्येक प्रयोग आधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे जातो. तिथे पशुवैद्य असतो, विज्ञानाबाहेरची एक व्यक्ती असते, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेला सदस्य असतो. प्रश्न अगदी व्यवहारी असतात. उंदीरच का? चाळीस का, चोवीस का नाहीत? भूल कोणती देणार? वेदना वाढल्या तर कुठे थांबणार, आणि ते कोण ठरवणार? कुत्रा, माकड यांसारख्या मोठ्या प्राण्यांची परवानगी तर केंद्रीय समितीकडूनच घ्यावी लागते.

[दृश्य: पावसाळी रात्र. शेतातल्या पाण्यात बेडूक.]

आणि हा आपला बेबो. पहिल्या पावसात गोव्यात याच्यामागे बॅटऱ्या घेऊन धावणारे आहेत. वन्यजीव कायद्याने बंदी असूनही "जंपिंग चिकन" म्हणून तो ताटात जातो. महाविद्यालयात तो मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी खिळलेला असायचा. मीही एक कापलाय. कापताना माझा हात थरथरला होता. हृदय कुठे असतं हे मला आकृतीवरून आधीच पाठ होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये हे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं, आणि २०१४ मध्ये बंद करायला.

[दृश्य: पुन्हा आरोग्य केंद्राचा व्हरांडा.]

काकींना वाचता येत नाही. म्हणून संशोधनाशी संबंध नसलेला एक साक्षीदार शेजारी बसवलाय. सेविका सगळं पुन्हा सांगते: रक्त ठेवू दिलं नाही तरी औषध मिळेल, डॉक्टर तेच राहतील, काही बिघडणार नाही. मग कागदावरचा फोन नंबर दाखवते. शंका आली तर इथे विचारायचं.

"उचलतात ना कोण?" काकी विचारतात.

सेविका तिथेच नंबर फिरवते. पलीकडून आवाज येतो. काकी दोन वाक्यं बोलतात आणि फोन परत देतात.

[दृश्य: शाईचं पॅड. अंगठा. कागद.]

एक प्रत केंद्राकडे राहते. दुसरी काकी दोनदा घडी घालतात आणि पिशवीत, रेशन कार्डाच्या आत सरकवतात.