सिकलसेलचं कार्ड मिळालं, पण समजावणार कोण?

नमस्कार मंडळी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली, कार्ड हातात आलं, त्यावर लिहिलंय ‘वाहक’. म्हणजे स्वतः सहसा आजारी नाही, पण जनुकातला दोष मुलांकडे जाऊ शकतो. आता पुढे काय?

2023च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली: 2047पर्यंत सिकलसेल संपवायचा. आदिवासी भागातल्या 0 ते 40 वयाच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची, आणि त्याच वाक्यात समुपदेशनही होतं. किट विकत आणता येतात. पण जनुकीय समुपदेशक, म्हणजे आनुवंशिक आजार कुटुंबाला समजावून सांगणारी व्यक्ती, तयार व्हायला एमएस्सीची दोन वर्षं लागतात.

आणि काम सोपं नाही हो. समजा, गडचिरोलीतलं एक जोडपं आहे, दोघंही वाहक. समुपदेशक ताई आधी कागदावर तीन पिढ्या मांडतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वाहक असेल तर अर्धा रंगवायचा. मग सांगतात, मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. घोळ होतो तो इथेच! लोकांना वाटतं, चारांत एक ना, मग पहिलं आजारी निघालं की पुढची तीन सुटली. तसं अजिबात नाही. प्रत्येक गरोदरपणात पुन्हा तेच 25 टक्के. त्यात बोल लागतो सुनेला. जनुकातला दोष आई-बाप दोघांकडून आलाय, हे सासूला पटेल असं, जमल्यास माडिया किंवा गोंडीत सांगायचं. पोटातल्या बाळाची तपासणी करायची का, हे त्या जोडप्याने ठरवायचं, ताईंनी लादायचं नाही. एका दिवसाच्या कार्यशाळेत हे येत नाही.

इंग्लंडमध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा या कामासाठी तीन वर्षांचं प्रशिक्षण देते. शिकतानाच पगार, मास्टर्सची फी सरकार भरतं. आपल्याकडे मणिपालसारख्या मोजक्या ठिकाणी हा अभ्यासक्रम आहे, आणि खर्च मुख्यतः घरचा. कर्ज काढून शिकलेली मुलगी शहरातल्या खाजगी लॅबकडे वळली, तर तिला कोणत्या तोंडाने नावं ठेवायची? 2019पासून केंद्राच्या ‘उम्मीद’ उपक्रमात डॉक्टरांना जनुकशास्त्राचं प्रशिक्षण मिळतं, ते चांगलंच आहे. पण ओपीडीत रांग लागलेली असताना डॉक्टर एका कुटुंबाला अर्धा तास देणार कधी?

माझी मागणी स्पष्ट आहे. गडचिरोली, नंदुरबारच्या बीएस्सी झालेल्या मुलामुलींची फी सरकारने भरावी, विद्यावेतन द्यावं आणि बदल्यात आपल्याच जिल्ह्यात काही वर्षं सेवेची अट घालावी. पद मात्र नियमित हवं, कंत्राटी नको. कारण पहिल्या बाळंतपणाच्या वेळी भेटलेल्या ताई दुसऱ्या खेपेलाही तिथेच असायला हव्यात.