आजोबांच्या नाकावरचं लाल स्टिकर

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा नेहमीसारख्या रिकाम्या आहेत.

कमिटीने मला "जर्मनीत राहून आपण काय शिकलो" असा विषय दिला होता आणि मी त्यावर चार पानं लिहूनही आणलीत, पण गेल्या आठवड्यात घरी जे झालं ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून ती पानं बाजूला ठेवते आणि याच शहरातल्या एका माणसाबद्दल बोलते. हान्स-पेटर फेल्डमान. १९४१ साली इथे डुसेलडॉर्फमध्ये जन्मला, २०२३ मध्ये गेला. जगभरातल्या म्युझियमवाल्यांना माहीत असलेला आर्टिस्ट, पण आपल्यातल्या किती जणांनी नाव ऐकलंय? हात वर करा बघू. बरं. तीन-चार. इतकी वर्षं एका गावात राहून.

तुमच्यातले काही जण २०१५ च्या आधी इथे आलात, म्हणजे त्याच्या दुकानावरून गेलाही असाल. हो, दुकान. जुन्या शहरात त्याचं छोटंसं दुकान होतं, पत्र्याची खेळणी, अंगुस्तानं, जुनी यंत्रं, भेटवस्तू, असलं सगळं. १९८० च्या सुमाराला त्याने कलेला सरळ रामराम ठोकला आणि जवळजवळ दहा वर्षं दुकानदारीच केली. त्याआधी डॉक्युमेंटामध्ये, म्हणजे कासेलला भरणाऱ्या जगातल्या एका मोठ्या कलाप्रदर्शनात, दोनदा येऊन गेलेला माणूस! पुढे परत चित्रांकडे वळला, पण दुकान चालूच ठेवलं, आणि २०१५ मध्ये ते बंद झालं तेव्हा म्युनिकच्या लेनबाखहाउस म्युझियमने ते आख्खं दुकान कलाकृती म्हणून घेतलं. मला हे फार आवडतं.

आता घरचं सांगते. आमच्या हॉलमध्ये सासऱ्यांचा फोटो आहे, तुमच्या घरी असतो तसाच, चंदनाचा हार, खाली छोटी समई. सासूबाई सध्या इथे आल्या आहेत. लेकीच्या शाळेत आर्टच्या तासाला फेल्डमानची चित्रं दाखवली होती, आणि रविवारी सकाळी आम्ही उठून बघतो तर आजोबांच्या नाकावर लाल गोल स्टिकर. फ्लोमार्क्टला, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, सामानावर किंमत लिहायला लावतो ना, तसलं. काचेवर चिकटवलेलं, फोटोला काहीही झालं नव्हतं. पण नवरा असा ओरडला, तोही रविवारी, जर्मनीत, जिथे रविवारी भिंतीत खिळा ठोकायची सोय नाही. लेक रडली नाही. ती म्हणाली, "तुम्हीच सांगता ना, आजोबा सगळ्यांना हसवायचे? मग हा माणूस कोण आहे?"

त्यावर घरात कुणालाच काही बोलता आलं नाही.

तिने जे पाहिलं होतं ते असं. फेल्डमान जुनी तैलचित्रं विकत घ्यायचा, कुणा अनोळखी घराण्यातले कोट घातलेले गृहस्थ, लेसची कॉलर लावलेल्या बाया, आणि त्यांच्या नाकावर विदूषकाचं लाल नाक यायचं, किंवा डोळे तिरळे व्हायचे. बस, एवढंच. पण ती चित्रं मी नंतर नीट बसून पाहिली आणि मला तरी त्यात टिंगल दिसली नाही. ती माणसं शंभर-दीडशे वर्षं ताठ बसून कंटाळलेली होती, कुणी त्यांच्याकडे वळून बघतही नव्हतं, आता लोक त्यांच्यासमोर थांबतात, हसतात, आणि हसता हसता पहिल्यांदा त्यांचा चेहरा बघतात. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचंही त्याने तेच केलं, गुलाबी अंग, पिवळे केस. आपण देवळातल्या मूर्तीला शेंदूर फासणारी माणसं, आपल्याला रंगवलेल्या पुतळ्याचं नवल वाटू नये खरं तर.

त्याचं बाकीचं कामही असंच, हाताशी आहे त्यातलं. साठच्या दशकाच्या शेवटी त्याने छोट्या पुस्तिका काढल्या, राखाडी पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर रबरी शिक्का, आत साधे फोटो. एकात नुसते बायकांचे गुडघे. एकात विमानं. पुढे एका बाईचे सगळे कपडे, एकेक वेगळा मांडून फोटो काढलेला, मोज्यांपासून कोटापर्यंत. ते पाहून मला आईचं कपाट आठवलं, डांबरगोळ्यांच्या वासासकट, आणि कुठली साडी कुणाच्या लग्नातली हे सगळं. एकदा त्याने पाऊण शेर नाही, बरोब्बर एक पाउंड स्ट्रॉबेरी आणल्या आणि प्रत्येक स्ट्रॉबेरीचा वेगळा फोटो काढला, जणू प्रत्येकीला पासपोर्ट काढायचाय. सही करायचा नाही. किती प्रती छापल्या याचा आकडाही ठेवायचा नाही. हव्या तेवढ्या काढा. कलेच्या बाजारात सही आणि आकडा यावरच किंमत ठरते, आणि हा माणूस दोन्हीला नाही म्हणाला, भांडण न करता.

२०१० मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमकडून मोठा पुरस्कार मिळाला, एक लाख डॉलर. पुढच्या वर्षी म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन भरलं, आणि त्यात काय होतं? एक लाख डॉलर. एकेका डॉलरच्या नोटा, वापरलेल्या, मळक्या, भिंतीवर टाचणीने लावलेल्या, एकीवर एक चढवून, वरपासून खालपर्यंत. वयाच्या सत्तरीला हे! आपल्यापैकी कुणाला मिळाले असते तर आधी एफडी, मग फ्लॅटचं लोन, मग पुण्यात अजून एक फ्लॅट.

आणि म्युन्स्टर. इथून फार लांब नाही, ट्रेनने जाऊन या. दर दहा वर्षांनी तिथे गावभर शिल्पं मांडतात. २००७ मध्ये फेल्डमानला बोलावलं तेव्हा त्याने चर्चच्या चौकातलं, जमिनीखालचं सार्वजनिक टॉयलेट निवडलं. तेच दुरुस्त केलं. चांगल्या टाइल्स, चांगली भांडी, भिंतीवर फुलांची मोठी चित्रं. झालं शिल्प. एसटी स्टँडवर ज्यांचं बालपण गेलंय त्यांना या माणसाचा मोठेपणा मी वेगळा समजावून सांगायला नको. लोक हसले असतील, हसू देत, पण पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं की या जागेत जाणारा माणूससुद्धा काहीतरी सुंदर बघायच्या लायकीचा आहे.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते त्याचं सावल्यांचं काम. २००९ साली व्हेनिसच्या बिएनालेमध्येही, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, होतं. लांब टेबल, त्यावर हळूहळू फिरणाऱ्या चकत्या, चकत्यांवर दुकानात मिळतं तसलं सटरफटर, बाहुल्या, प्लास्टिकचे प्राणी, एखादी खेळण्यातली बंदूक, आयफेल टॉवर. पुढून दिवे. आणि मागच्या भिंतीवर सावल्यांची मिरवणूक, मोठी, लहान, एकमेकींत मिसळणारी. काही लपवलेलं नाही, टेबल समोर आहे, दिवा समोर आहे, वायरी दिसतात, तरी माणूस भिंतीकडेच बघत राहतो. लोडशेडिंग आठवतंय ना? कंदील, अंगण, आणि भिंतीवर हाताचा कुत्रा. आमचे सासरे त्यात वस्ताद होते, त्यांचा कुत्रा भुंकायचा, कान हलवायचा, आणि शेजारच्या बंड्याचा खाऊ पळवायचा. आरतीला "येई हो विठ्ठले"चा "येईईई" असा ताणायचे की बाकीचे दम लागून खाली बसायचे आणि हे डोळे मिटून चालूच. आणि या माणसाचा आमच्या घरातला एकमेव मोठा फोटो असा, की जणू कोर्टात साक्षीला उभे आहेत.

सासूबाईंनी सोमवारी चहा घेताना सांगितलं. तो फोटो पेन्शनच्या कागदांसाठी काढला होता. फोटोवाला म्हणाला, काका हसू नका, रिजेक्ट होईल. ते गेल्यावर घाईत तोच मोठा करून घेतला, मागे निळं आभाळ टाकलं. मग आम्ही तिघांनी सगळे अल्बम, जुने फोन, हार्ड डिस्क उलटसुलट केल्या. सासऱ्यांचा हसतानाचा एक फोटो नाही. एक नाही हो. आयुष्यभर कॅमेरा समोर आला की हात खाली, पोट आत, तोंड बंद.

फेल्डमानचं एक काम आहे, २००१ चं, त्याचं नावच "शंभर वर्षं". एकशे एक फोटो. पहिला तान्ह्या बाळाचा, शेवटचा शंभर वर्षांच्या बाईचा, मधल्या प्रत्येक वयाचं एक माणूस. कुणी मोठं नाही, त्याचे नातेवाईक, मित्र, ओळखीपाळखीचे. भिंतीच्या कडेने चालत गेलं की आपण आधी आपलं वय शोधतो, मग मुलांचं, मग आईवडिलांचं. लेक "हा माणूस कोण आहे" म्हणाली तेव्हा मला हेच आठवलं. तिला आजोबांचं वय हवं नव्हतं, पुण्यतिथीची तारीख तर नकोच होती, तिला माणूस हवा होता.

नुसता गमत्या होता असं समजू नका. १९९८ मध्ये त्याने एक पुस्तक काढलं, जर्मनीतल्या दहशतवादाच्या त्या सगळ्या वर्षांत मेलेल्या माणसांचं. १९६७ ते १९९३. मारणारे आणि मारले गेलेले, दोघांचेही पेपरातले फोटो, गेल्याच्या क्रमाने, कुणावर शेरा न मारता. जो माणूस लाल नाक लावतो तोच हे करतो. मला त्यात विसंगती वाटत नाही. दोन्हीकडे त्याचं म्हणणं एकच वाटतं, आधी चेहरा बघा.

आता थोडं तुम्हाला बोलते, राग मानू नका. मंडळाच्या वेबसाइटवर गेल्या किती वर्षांचे फोटो आहेत. दीपप्रज्वलन. शाल आणि श्रीफळ. प्रमुख पाहुणे. दीपप्रज्वलन. पुन्हा शाल. आपण गणपतीत केवढं हसतो, मोदक वळताना किचनमध्ये जी धमाल असते, नाटकाच्या तालमीत ज्या चुका होतात, त्यातलं काही नाही. मुलांनी उद्या बघितलं तर त्यांना वाटेल आईबाबा दर महिन्याला एकमेकांना नारळ द्यायला जमायचे. आणि एखाद्या पोराने देवाच्या, पूर्वजांच्या, महाराष्ट्राच्या कशाला जरा हसून हात लावला की आपण लगेच "संस्कार" काढतो. गावाकडे आजी-आजोबांशी नातवंडं जितकी मस्ती करतात तितकी इथे चालत नाही, इथे सगळं कसं काचेमागे. लांब आलो म्हणून आपण जास्त सोवळे झालोय का?

माझी विनंती आहे, पुढच्या मेळाव्याला प्रत्येक घराने आपल्या माणसाचा एक हसतानाचा फोटो आणा, फोटो नसेल तर एक वस्तू आणा, तपकिरीची डबी, तुटका चष्मा, पत्त्यांचा जोड, काहीही. बाहेरच्या पॅसेजमध्ये मांडू. सही नको, नंबर नको, प्रायोजकाचा बोर्ड तर नकोच.

पण एक गोष्ट मला खरंच सुटत नाहीये. फोटो शोधताना मी लेकीला आजोबांचा एसटीतला किस्सा सांगितला, अर्ध्या तिकिटाचा, त्यांच्या मिशीचा, तो कंडक्टरचा. सासूबाई आणि मी हसून हसून बेजार. लेक आमच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "कंडक्टर असं का बोलला?" मी समजावलं. जर्मनमध्ये पण सांगितलं, तेव्हा तर तो किस्साच राहिला नाही. लाल नाक तिला लगेच कळलं, त्याला भाषा लागत नाही. आजोबांचा विनोद सगळा मराठीत होता, तोही आमच्या सांगलीकडच्या मराठीत. फोटो मिळाला, वस्तू मिळाल्या, भिंत भरली, तरी ते ज्यावर हसत होते ते या मुलांपर्यंत कसं न्यायचं? रविवारच्या मराठी शाळेत आपण बाराखडी शिकवतो, श्लोक शिकवतो. कुणाला हसवायचं कसं, हे आपल्यापैकी कोण शिकवतंय? ज्यांच्या घरात हे जमलंय त्यांनी आज जेवताना मला गाठा, मला खरंच ऐकायचंय.