ज्वारीचं विष, ओकाचं टॅनिन आणि शेतातला नत्र

पावसाने ओढ दिली की कोवळ्या, खुरटलेल्या ज्वारीत गुरं सोडायची नाहीत, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. जनावर फुगतं, धापा टाकतं आणि बघता बघता दगावतं. पण ते विष गाईसाठी तयार झालेलं नाही. जो कोणी पान फाडेल त्याच्यासाठी ते आहे, आणि पान सर्वांत जास्त फाडतात ते किडे.

१९०२ मध्ये डन्स्टन आणि हेन्री या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ज्वारीतून हे द्रव्य वेगळं केलं. नाव धुरिन. टायरोसिन या अमिनो आम्लापासून झाड ते बनवतं आणि पानाच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रसधानीत, म्हणजे पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत, साठवतं. त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आतल्या थरात असतं. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. अळीच्या जबड्याखाली पेशी चिरडल्या की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं, म्हणजे पेशींचं श्वसनच थांबवणारं विष. २००१ मध्ये कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी धुरिन बनवणारी ज्वारीची जनुकं मोहरीच्या कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात घातली. एरवी त्या कुळाची पानं आवडीने खाणारे भुंगेरे त्या रोपाला टाळू लागले. ज्वारीवरचा खोडकिडा मात्र धुरिनला पुरून उरतो, हेही सांगितलं पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. हे विष कायम सारखं नसतं. रोप लहान असताना ते भरपूर असतं, पीक फुलोऱ्याला येईपर्यंत बरंच उतरतं आणि कापणीनंतर फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांत पुन्हा चढतं. पाण्याचा ताण पडला की वाढ खुंटते, आणि त्या लहानशा रोपात धुरिनचं प्रमाण वाढतं. नत्राचं वागणं तर फार बोलकं आहे. धुरिनच्या रेणूत नत्र आहे. कोवळ्या रोपात ते आधीच कमाल पातळीला असल्याने युरियाने फारसा फरक पडत नाही. थोड्या मोठ्या झालेल्या पिकाला नत्र दिलं की धुरिन वाढतं.

याच्या उलट टॅनिन, म्हणजे पानाला तुरट करणारं, किड्याला नकोसं द्रव्य. त्यात कर्ब (कार्बन) आहे, नत्र नाही. ब्रायंट, चॅपिन आणि क्लाइन या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलं, की निकस जमिनीत ऊन भरपूर असेल तर झाड कर्ब मिळवतं, पण नत्राअभावी वाढू शकत नाही. उरलेला कर्ब टॅनिनसारख्या द्रव्यांत जातो. खत दिलं किंवा सावली पडली की टॅनिन घटतं. ही मांडणी पुढे सगळीकडे लागू पडली नाही, टर्पीन या झाडांतल्या उग्र वासाच्या द्रव्यांनी तर तिला दादच दिली नाही. तरी टॅनिन ज्या फिनॉल वर्गात मोडतं, त्याच्या बाबतीत ती बरीच खरी ठरते. शिवाय झाड म्हणजे केवळ जमाखर्च नव्हे. इंग्लंडमधल्या ओक वृक्षाची पानं वसंतात कोवळी असतात तेव्हा टॅनिन कमी असतं, पुढे ते वाढत जातं, आणि तिथल्या पतंगाच्या अळ्या नेमक्या त्या सुरुवातीच्या दिवसांत अंड्यांतून बाहेर पडतात.

म्हणून ‘नत्र जास्त झालं की कीड वाढते’ हे सरसकट विधान मला अपुरं वाटतं. लुसलुशीत पान अळीला जास्त प्रथिनं देतं हे खरंच आहे. पण त्या झाडाचं संरक्षण कर्बावर चालतं की नत्रावर, हे आधी विचारायला हवं. वाण प्रतिकारक्षम आहे असं सांगताना तो कोणत्या जमिनीत आणि किती पाण्यावर तपासला, तेही सांगायला हवं.

हवाही बदलते आहे. इलिनॉय राज्यात उघड्या शेतात, सोयाबीनभोवतीचा कार्बन डायऑक्साइड वाढवून प्रयोग झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की जास्मोनिक आम्ल या झाडातल्या संदेशवाहक द्रव्याशी जोडलेली, किडीची चाहूल लागताच जागी होणारी संरक्षणयंत्रणा मंदावली, किड्याचं पचन बिघडवणारी प्रथिनं घटली आणि जपानी भुंगेऱ्याचं फावलं. विदर्भ-मराठवाड्यात आज केवढं क्षेत्र सोयाबीनखाली आहे! आपल्याकडे तो भुंगेरा नाही, तंबाखूची पानं खाणारी अळी आहे. आपल्या वाणांवर, आपल्या काळ्या जमिनीत, पावसाचा खंड धरून हा प्रयोग करण्यासारखा आहे, आणि कृषी विद्यापीठातल्या तुम्हा विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी तो हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं.